दारात आलेला रोगी: डॉ. विद्या आचार्य आणि परळची मूत्रपिंडविद्या



ज्या मास्तरांच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी जमतो, त्यांची शेवटची वर्षं डायलिसिसवर गेली हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. त्यामुळे यंदा मूत्रपिंडावर बोला, असं व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी सुचवलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मी मूत्रपिंडतज्ज्ञ नाही, गिरगावात दवाखाना चालवत आलेला साधा डॉक्टर आहे. पण आमच्यासारख्यांनी हात टेकले की रोगी जातो कुठे? ज्याच्या गाठीला पैसा आहे तो जवळच्या मोठ्या खासगी रुग्णालयात जातो. बाकीचे परळला, महापालिकेच्या केईएम रुग्णालयात. त्या केईएममध्ये मूत्रपिंडविकारांचा अभ्यास ज्यांनी उभा केला, त्या डॉ. विद्या आचार्य यांच्या संशोधनाबद्दल आणि त्यातून पुढे काय उगवलं त्याबद्दल आज मला बोलायचं आहे.

भारतातल्या पहिल्या महिला मूत्रपिंडतज्ज्ञ असा त्यांचा उल्लेख होतो. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्या प्राध्यापक होत्या आणि केईएमच्या मूत्रपिंडविकार विभागाच्या प्रमुख होत्या. वैद्यकाच्या वर्तुळाबाहेर मात्र हे नाव फारसं ऐकू येत नाही. हृदयाच्या सर्जनचं नाव घरोघरी पोचतं. मूत्रपिंडाचा डॉक्टर हा रोग्याच्या नातेवाइकांपुरताच राहतो. मी त्यांच्या पदांची आणि सन्मानांची यादी वाचणार नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलेले लेख पुन्हा वाचताना एक गोष्ट मला सतत जाणवत राहिली, तेवढीच मांडतो. त्यांनी संशोधनाचा विषय परदेशी नियतकालिकांच्या अनुक्रमणिकेतून उचलला नाही. महापालिकेच्या रुग्णालयाच्या दारात जो रोगी आला, त्यानेच त्यांना विषय दिला.

आता थोडं शरीरशास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा पुन्हा रक्तात परत घेतात. हे काम दोन तऱ्हांनी बिघडतं. एक बिघाड वर्षानुवर्षं मुरतो. मधुमेह असेल, रक्तदाब असेल, गाळण्या एकेक करून कायमच्या बंद पडतात आणि रोग्याला बहुधा काहीच जाणवत नाही. दुसरा बिघाड दोन-चार दिवसांत होतो. चांगला हिंडता-फिरता माणूस, त्याची लघवी अचानक कमी होते, अंगावर सूज येते, धाप लागते, शुद्ध हरपायला लागते. पण या दुसऱ्या प्रकारात एक मोठी आशा दडलेली आहे. गाळण्यांना जोडलेल्या नलिकांच्या पेशी मेल्या असल्या, तरी त्या पुन्हा वाढू शकतात. त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. तेवढा काळ रोग्याला जगवलं, तर मूत्रपिंड पुन्हा कामाला लागतं आणि तो माणूस आयुष्यभर मशीनविना जगू शकतो.

ही दोन-तीन आठवड्यांची लढाई हाच आचार्य मॅडमच्या विभागाच्या कामाचा गाभा होता.

यासाठी परळच का, हेही सांगायला हवं. महाविद्यालय १९२५ मध्ये सुरू झालं, रुग्णालय १९२६ मध्ये. देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी अट घातली होती की इथे शिकवणारे भारतीयच असतील. वैद्यकीय शिक्षणातल्या वरच्या जागा इंग्रजांसाठी राखलेल्या असण्याचा तो काळ, हे लक्षात घेतलं की या अटीचं मोल कळतं. भोवती गिरण्या आणि चाळी. रोगी गिरणगावातून येई, तसा रायगड-रत्नागिरीहून एसटीने येई. त्याच रस्त्यावर, पलीकडे, जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात हाफकिन संस्था. प्लेगच्या लशीसाठी जन्मलेली ही संस्था पुढे सर्पदंशावरच्या लशीसाठी देशभर ओळखली गेली. आणि महाविद्यालयाच्या स्टाफ सोसायटीने १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे आपलं नियतकालिक चालवलं. म्हणजे रोगी, प्रयोगशाळा आणि छापखाना, तिन्ही हाताशी. एवढं असूनही काम आपोआप होत नाही. त्यासाठी कुणीतरी रोज वॉर्डात बसून नोंदी ठेवाव्या लागतात.

सर्पदंशाचं उदाहरण मी सविस्तर सांगतो, कारण ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे माणसांचे जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नाग-मण्यारीचं विष मज्जासंस्थेवर जातं, श्वास थांबवतं. घोणस आणि फुरशाचं विष रक्तावर जातं. रक्त आधी नसांतल्या नसांत गोठू लागतं, मग गोठण्याची शक्तीच संपते आणि हिरड्यांतून, लघवीतून, जखमेतून वाहत राहतं. रक्तदाब कोसळतो. तांबड्या पेशी फुटतात. या सगळ्याचा मारा शेवटी मूत्रपिंडावर येतो. कोकणातला शेतकरी, आंब्याच्या बागेत काम करणारा गडी, पावसाळ्यात भातखाचरात अनवाणी उतरलेली बाई, अशी माणसं गावात मांत्रिक करून, पाय दोरीने आवळून, तालुक्याला एखादं इंजेक्शन घेऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुंबईत पोचायची. तोवर लघवी बंद झालेली असायची.

हे रोगी इंग्लंड-अमेरिकेच्या पाठ्यपुस्तकात नव्हते. तिथल्या प्राध्यापकाला घोणशीच्या दंशाने बिघडलेलं मूत्रपिंड कधी सुईच्या टोकावर पाहायला मिळत नव्हतं. केईएममध्ये ते पाहिलं गेलं, आणि नेटाने, वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. १९८६ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये मित्तल, किणरे आणि आचार्य या तिघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घोणस-फुरशाच्या वर्गातल्या सापांच्या दंशानंतर मूत्रपिंडात नेमके कोणते बदल होतात, याचा तो १४ वर्षांचा लेखाजोखा होता. यातल्या डॉ. सुमन किणरे या केईएमच्या विकृतिशास्त्रज्ञ. महाधमनीच्या एका दुर्मीळ दाहावरच्या त्यांच्या कामाची दखल जगाने घेतली आहे. १९८९ मध्ये मर्चंट, खन्ना, अल्मेडा, आचार्य आणि मित्तल यांचा दुसरा लेख आला. त्यात या रोग्यांची लक्षणं आणि मूत्रपिंडाच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं चित्र यांची सांगड घातलेली होती.

१४ वर्षं. मित्रहो, या आकड्यापाशी जरा थांबा. १४ वर्षं एकाच विषयाचे तुकडे जपून ठेवायचे, प्रत्येकाच्या कागदावर दंशाची वेळ, लस कधी मिळाली, लघवी कधी थांबली हे लिहायचं, मेलेल्याचं शवविच्छेदन नातेवाइकांना समजावून करून घ्यायचं. निवासी डॉक्टर बदलत राहतात, वॉर्ड भरून वाहत असतो, संगणक नाही. त्या काळात सरकारी-महापालिकेच्या रुग्णालयात काम केलेल्याला हे किती कठीण आहे ते कळेल.

एवढ्या कष्टातून हाती काय लागलं? तर रोग्याच्या खाटेपाशी उपयोगी पडणारं ज्ञान. मूत्रपिंडाचा तुकडा सुईने काढून तपासण्याची, म्हणजे बायोप्सीची, रीत कोपनहेगनच्या इव्हरसेन आणि ब्रून यांनी १९५१ मध्ये मांडली आणि शिकागोच्या कार्क व म्युर्के यांनी १९५४ मध्ये रोग्याला पालथं झोपवून ती सुरक्षित केली. त्या तुकड्यात नुसत्या नलिका मेलेल्या दिसल्या तर रोगी वाचण्याची आशा धरता येते. त्याला डायलिसिसवर टिकवून धरायचं, मूत्रपिंड परत येईल. पण मूत्रपिंडाचं बाहेरचं सालच, म्हणजे कॉर्टेक्स, मेलेलं दिसलं तर ते बहुधा परत येत नाही. हे दोन रोगी बाहेरून एकसारखे दिसतात, लघवी दोघांचीही बंद असते. कुणासाठी तीन आठवडे झगडायचं आणि कुणाच्या घरच्यांना आयुष्यभराच्या डायलिसिसची किंवा प्रत्यारोपणाची कल्पना द्यायची, हे कळणं म्हणजे गरीब घराचं सगळं गणितच बदलणं.

आज जागतिक पातळीवर सर्पदंश हा दुर्लक्षित रोग मानला जातो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. परळच्या वॉर्डातले लोक हे मथळे येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या माणसांच्या मूत्रपिंडांचा हिशेब ठेवत होते.

दुसरा विषय संसर्गाचा. लघवीच्या जंतुसंसर्गावर आचार्य यांनी १९८० मध्ये जाधव यांच्यासह आढावा लिहिला आणि १९९२ मध्ये पुन्हा एक लेख लिहिला. त्या दुसऱ्या लेखाचा रोख असा, की लघवीचा संसर्ग ही किरकोळ तक्रार समजू नका; सर्वांगात पसरणाऱ्या घातक जंतुबाधेची ती अनेकदा न ओळखलेली पहिली पायरी असते. आम्हा दवाखानेवाल्यांसाठी हा लेख फार मोलाचा आहे. जळजळ होते म्हणून बाई येते, तिला दोन दिवसांच्या गोळ्या देऊन पाठवायचं, लघवीची कल्चर तपासणी करायची नाही, गोळ्या अर्धवट राहतात, आठ दिवसांनी थंडी वाजून ताप येतो. मधुमेही म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तर यातून जीवच जातो. जंतूंच्या विषामुळे मूत्रपिंड कसं बंद पडतं, हा विषयही त्यांनी याच दशकांत हाताळला होता.

बाळंतपण आणि असुरक्षित गर्भपात यांतून होणारा मूत्रपिंडाचा बिघाड हा त्या काळातला आणखी एक भयंकर भाग. गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झाला, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यापूर्वी आणि त्यानंतरही काही वर्षं, कुठल्या तरी खोलीत काडी घालून केलेल्या गर्भपातानंतर जंतुबाधा होऊन, लघवी बंद होऊन तरुण बायका मोठ्या रुग्णालयांत येत. पुढच्या दशकांत हे रोगी कमी होत गेले, हे चंडीगढच्या डॉ. कृपालसिंग चुग यांच्या गटानेही १९८९ मध्ये नोंदवलं. एक कायदा आणि बऱ्या बाळंतपणाची सोय यांनी जेवढी मूत्रपिंडं वाचवली, तेवढी कुठल्याही मशीनने वाचवली नसतील, असं माझं मत आहे.

मशीनचा विषय निघालाच आहे. हॉलंडमधल्या कांपेन गावात विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, सॉसेजच्या पातळ वेष्टणाची नळी पिंपावर गुंडाळून पहिलं कृत्रिम मूत्रपिंड चालवलं. १९४५ पर्यंत त्यांना यश आलं नाही. त्या वर्षी ६७ वर्षांच्या एक बाई त्यातून शुद्धीवर आल्या आणि जगल्या. आपल्याकडे हे तंत्र साठच्या दशकात आलं. कित्येक वर्षं मोठ्या रुग्णालयांतसुद्धा यंत्रं मोजकीच होती, म्हणून पोटाचं डायलिसिस चाले. पोटात नळी घालायची, बाटलीतलं द्रावण आत सोडायचं, ठरावीक वेळाने बाहेर काढायचं, पुन्हा सोडायचं. पोटातला नैसर्गिक पडदाच गाळणीचं काम करतो. यंत्र नको, वीज नको, पण रात्रभर जागणारा डॉक्टर आणि परिचारिका हवी. अचानक बंद पडलेल्या मूत्रपिंडांच्या किती रोग्यांना या साध्या बाटल्यांनी तारलं!

मुंबईच्या सर्वसामान्य माणसाला ‘डायलिसिस’ हा शब्द बहुधा जयप्रकाश नारायणांमुळे कळला. आणीबाणीत अटकेत असताना त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांना जसलोक रुग्णालयात आणलं आणि डॉ. एम. के. मणी यांनी त्यांच्यावर उपचार केले. ८ ऑक्टोबर १९७९ ला ते गेले, तोवर डायलिसिसच त्यांचा आधार होता. मणी पुढे मद्रासला गेले आणि त्यांनी जे केलं ते आचार्य यांच्या कामाशेजारी ठेवून पाहावं असं मला वाटतं. खेड्यात घरोघर जाऊन, शाळा शिकलेल्या गावच्याच मुलींकडून लघवीतली साखर-प्रथिनं आणि रक्तदाब तपासून घ्यायचा आणि रिसर्पिन, हायड्रोक्लोरोथायझाइड, मेटफॉर्मिन यांसारख्या जुन्या, अगदी स्वस्त गोळ्या द्यायच्या, असा कार्यक्रम त्यांनी चालवला आणि त्याचे निष्कर्ष २००३ आणि २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापले. देशातल्या सगळ्यांत प्रसिद्ध डायलिसिस रोग्याचा डॉक्टर उत्तरायुष्यात डायलिसिस लागूच नये म्हणून खेड्यात गेला.

प्रत्यारोपणाबद्दल थोडक्यात. मे १९६५ मध्ये केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी मृत दात्याचं मूत्रपिंड बसवलं. देशातला तो पहिला प्रयत्न. रोगी फार दिवस जगला नाही. यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला झालं. मूत्रपिंडांच्या बाजाराने देशाची मान खाली गेली होती, त्या १९९४ साली आचार्य यांनी भारतातल्या प्रत्यारोपणाच्या स्थितीचा आढावा लिहिला. अवयव प्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदा त्याच वर्षी झाला. त्यासाठी संसदेला ठराव करून विनंती करणारी राज्यं तीन होती: महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश. महाराष्ट्राने तर त्याआधीच, १९८२ मध्ये, मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा स्वतःचा कायदा केला होता.

आता प्रभावाबद्दल. संशोधकाचा प्रभाव कसा मोजायचा? त्याचे लेख किती जणांनी उद्धृत केले हे एक माप आहे, पण तोकडं. माझ्या मते खरं माप असं: त्याने लावलेली विचार करण्याची सवय त्याच्यानंतर त्या खोलीत टिकली का?

केईएममध्ये ती टिकली, याला माझ्याकडे चांगला पुरावा आहे.

अचानक मूत्रपिंड बंद पडलेल्या रोग्याला डायलिसिस कधी सुरू करायचं, यावर जगभर वाद होता. युरिया-क्रिएटिनिन वाढलं की लगेच सुरू करा, विष साचू देऊ नका, असा बऱ्याच तज्ज्ञांचा कल होता. ऐकायला ते पटतंही. पण त्याला ठोस पुरावा नव्हता. केईएमच्या मूत्रपिंडविकार विभागातले डॉ. तुकाराम जमाले, डॉ. हसे आणि सहकारी यांनी २०८ रोगी घेतले. हे पुन्हा तेच आपले रोगी, घरून आजारी पडून आलेले, मलेरिया, लेप्टो, जुलाब-उलट्या, जंतुबाधा झालेले. चिठ्ठी टाकावी तसं नशिबावर सोडून त्यांचे दोन गट केले. एका गटात क्रिएटिनिन ७ च्या किंवा रक्तातलं युरिया नायट्रोजन ७० च्या वर गेलं की डायलिसिस सुरू करायचं. दुसऱ्यात, डॉक्टरांना खरोखर गरज दिसेल तेव्हाच. निकाल २०१३ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ किडनी डिसीजेस’मध्ये छापला गेला. लवकर सुरू करण्याने काहीच फायदा झाला नाही. लवकर सुरू केलेल्या गटात २०.५ टक्के रोगी रुग्णालयात दगावले, वाट पाहिलेल्या गटात १२.२ टक्के. हा फरक योगायोगाचा असू शकतो, असं संख्याशास्त्र सांगतं. पण लवकर डायलिसिसने जीव वाचतात, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही एवढं नक्की. तीन महिन्यांनंतर डायलिसिसवर अवलंबून राहिलेल्यांचं प्रमाणही दोन्हीकडे जवळपास सारखं. आणि वाट पाहिलेल्यांपैकी काहींना डायलिसिस लागलंच नाही.

पुढे काय झालं ते पाहा. २०१६ मध्ये फ्रान्समध्ये ६२० रोग्यांवर मोठा अभ्यास झाला. वाट पाहिलेल्या गटातल्या जवळजवळ निम्म्या रोग्यांना डायलिसिसची गरजच पडली नाही, आणि मृत्यूंमध्ये फरक नव्हता. त्याच वर्षी जर्मनीतल्या एका रुग्णालयाचा उलटा निष्कर्ष आला, वाद पुन्हा पेटला. शेवटी २०२० मध्ये १५ देशांतल्या १६८ रुग्णालयांनी मिळून सुमारे ३ हजार रोग्यांवर अभ्यास केला. लवकर सुरू करण्याचा फायदा नाही, हाच निकाल. या मोठ्या अभ्यासांतले रोगी अतिदक्षता विभागातले होते, परळचे रोगी वेगळे होते, म्हणून दोन्ही निकाल एकच आहेत असं म्हणणं चूक ठरेल. पण प्रश्न तोच होता, आणि आपल्याकडच्या रोग्यांपुरतं त्याचं प्रामाणिक उत्तर परळने सात वर्षं आधी दिलं होतं. महापालिकेच्या एका रुग्णालयाने, जिथे यंत्रं कमी आणि रोगी जास्त. यंत्रं कमी असल्यामुळेच त्यांना हा प्रश्न इतका टोचला असावा. डायलिसिसच्या खाटेवर आज कुणाला झोपवायचं हे ज्याला रोज ठरवावं लागतं, त्याला हे जाणून घ्यायची निकड असते की या माणसाला ते खरोखर हवं आहे का.

केईएमच्या माणसांनी दुसरीकडेही हातभार लावला. नडियादचे डॉ. मोहन राजापूरकर यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये दीर्घकालीन मूत्रपिंडविकारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. २०१२ मध्ये तिचा पहिला अहवाल आला, तेव्हा ५२,२७३ रोग्यांच्या नोंदी जमल्या होत्या. अहवालाच्या लेखकांमध्ये सर्पदंशाच्या १९८९ च्या लेखातले डॉ. अल्मेडाही आहेत. त्यातला एक आकडा सगळ्यांना अपेक्षित होता: ३१ टक्के रोग्यांमध्ये कारण मधुमेह. दुसरा आकडा अस्वस्थ करणारा: १६ टक्क्यांत कारणच कळलेलं नाही.

या १६ टक्क्यांत गरीब, शेतावर राबणारी माणसं आहेत. बुलढाणा-अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, गावंच्या गावं मूत्रपिंडाच्या आजाराने ग्रासल्याची तक्रार वर्षानुवर्षं होते आहे. गोव्यात काणकोण तालुक्यात तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे जगाला दाखवणाऱ्या त्याच बावस्करांनी, २०१० मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या जड धातूंचा आणि या आजाराचा संबंध तपासला. प्रश्न अजून सुटलेला नाही. पाणी, उष्णता, कीटकनाशकं, वेदनाशामक गोळ्या, की या सगळ्यांची एकत्र करणी? या प्रश्नाचं उत्तर मुंबईत बसून मिळणार नाही. आचार्य यांच्या विभागाने घोणशीच्या दंशाची १४ वर्षं नोंद ठेवली, तशी कुणीतरी या गावांत १४ वर्षं राहून नोंद ठेवायला हवी. माझ्या मते महाराष्ट्रातल्या मूत्रपिंडशास्त्रापुढचं आजचं सगळ्यांत निकडीचं काम हेच आहे, आणि त्यासाठी लागणारा पैसा एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या शोभेच्या स्वागतकक्षापेक्षा जास्त नसेल.

आता आपल्या फणसवाडीकडे येतो. घोणस गिरगावात नाही. पण पावसाचं पाणी आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोने शहराला गाठलं. हिंदमाताला दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, ते केईएमपासून हाकेच्या अंतरावर. उंदरांच्या लघवीतले जंतू त्या पाण्यात असतात आणि पायावरच्या छोट्याशा जखमेतून आत शिरतात. अशा पाण्यातून चालत आलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरला दाखवा, प्रतिबंधक गोळी घ्या. महापालिका दर वर्षी हे सांगते आणि आपण दर वर्षी ऐकून सोडून देतो. ताप, अंगदुखी आणि त्यात लघवी कमी झाली, तर घरी बसू नका. जुलाब-उलट्यांत लघवी कमी झाली, तरीही नाही. त्या काळात दुखण्यावरच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. आधीच कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडावर तो दुसरा घाव असतो.

ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं. या दोन्ही साध्या तपासण्या आहेत, महापालिकेच्या दवाखान्यामार्फत स्वस्तात होतात. मास्तर डायलिसिसवर गेले, तेव्हा त्यांचा मधुमेह कित्येक वर्षांचा होता, पण लघवीची ही तपासणी कधी झाली नव्हती. हे त्यांच्या घरच्यांच्या परवानगीने सांगतो आहे.

आणि एक शेवटची विनंती. कार्यकर्त्यांनी दाराशी अवयवदानाचे अर्ज ठेवले आहेत. मुंबईत २००० सालापासून विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती काम करते, मृत दात्याचं मूत्रपिंड यादीतल्या क्रमानेच दिलं जातं, पैशावर नाही. यादी लांब आहे आणि दाते कमी आहेत. अर्ज घरी न्या, घरच्यांशी बोला, आणि ज्यांचं मन तयार असेल त्यांनी येत्या आठवड्यात भरून आणून द्या.